ऑस्टिओपोरोसिस: कोणते औषध, किती वर्षे आणि त्यानंतर काय?

(दृश्य : पाठीच्या कण्याचा एका बाजूने काढलेला एक्स-रे.)

या एक्स-रेमधला मधला मणका नीट पाहा. त्याची मागची उंची शाबूत आहे, पुढची मात्र दबली आहे, आणि त्यामुळे चौकोनी दिसायला हवा होता तो मणका पाचरीसारखा झाला आहे. असे मोडलेले मणके पुष्कळदा फारसे दुखतही नाहीत; पाठीला थोडा बाक येतो, उंची दोन-तीन सेंटिमीटरने घटते आणि घरातले सगळे ते वयावर ढकलून मोकळे होतात. प्रत्यक्षात ते ऑस्टिओपोरोसिसने, म्हणजे हाडे विरळ आणि ठिसूळ झाल्याने, झालेले फ्रॅक्चरच असते, आणि अशा फ्रॅक्चरनंतरच्या पहिल्या दोन वर्षांत आणखी एखादे हाड मोडण्याचा धोका विशेष वाढलेला असतो. म्हणूनच हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीत टी-स्कोअर (निरोगी तरुण हाडांशी तुलना करून काढलेला घनतेचा आकडा) उणे २.५ किंवा त्याहून खाली आला, तरच उपचार करायचे, असे समजणे चूक आहे. साध्या पडण्याने खुबा किंवा मणका मोडला असेल, तर तो आकडा बरा असूनही उपचारांची गरज असते.

शरीर जुने हाड सतत खरवडून काढत असते आणि त्या जागी नवे भरत असते. प्रौढ माणसाच्या सांगाड्याचा सुमारे १० टक्के भाग दरवर्षी असा बदलतो. रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन घटले, किंवा स्टिरॉइडच्या गोळ्या दीर्घकाळ घ्याव्या लागल्या, की भरणी मागे पडते. औषधांचे दोन गट याच ठिकाणी काम करतात: काही औषधे खरवड रोखतात, तर काही नवे हाड बांधायला लावतात.

(दृश्य : सकाळची वेळ. पाण्याचा भरलेला पेला, शेजारी एक गोळी.)

खरवड रोखणाऱ्यांपैकी सर्वांत जास्त वापरली जाणारी औषधे म्हणजे बिसफॉस्फोनेट. त्यांतल्या अलेंड्रोनेटची ७० मिलिग्रॅमची गोळी आठवड्यातून एकदा, उठल्याबरोबर, रिकाम्या पोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि त्यानंतर निदान अर्धा तास आडवे व्हायचे नाही, काही खायचे-प्यायचेही नाही. हे नियम जाचक वाटतात, पण त्यांना कारण आहे. रिकाम्या पोटीसुद्धा या गोळीचा एक टक्क्याहून कमी भाग रक्तात उतरतो. दूध, चहा किंवा कॅल्शियमची गोळी सोबत घेतली तर तोही वाया जातो, आणि गोळी अन्ननलिकेत अडकून राहिली तर तिथे जखम होऊ शकते. ज्यांना हे जमत नाही त्यांच्यासाठी याच गटातल्या झोलेड्रॉनिक अ‍ॅसिडचे सलाइन वर्षातून एकदा देता येते.

हे औषध हाडातच मुरते आणि घेणे थांबवल्यावरही त्याचा परिणाम काही काळ टिकतो. म्हणून गोळ्यांची पाच वर्षे किंवा वार्षिक सलाइनची तीन वर्षे झाली की धोका नव्याने तपासतात. तो कमी असेल तर औषधाला विराम देता येतो. खुबा किंवा मणका आधीच मोडलेला असेल तर गोळ्या दहा वर्षांपर्यंत, सलाइन सहा वर्षांपर्यंत चालू ठेवण्याचा विचार होतो. दीर्घ वापरात क्वचित मांडीचे हाड वेगळ्याच पद्धतीने मोडते आणि त्याआधी कित्येक आठवडे मांडीत किंवा जांघेत दुखते. ही तक्रार अंगावर काढू नये. जबड्याच्या हाडाची इजाही क्वचित होते, म्हणून दात काढायचे असल्यास ते आधी उरकावे. मात्र या भीतीने पहिल्याच वर्षी औषध टाकून देणारे पुष्कळ आहेत, आणि त्याचे वाईट वाटते, कारण सुरुवातीच्या वर्षांत टळणारी फ्रॅक्चर या दुर्मिळ इजांपेक्षा कितीतरी अधिक असतात.

डेनोसुमॅबही खरवडच रोखते, पण थांबवण्याच्या बाबतीत त्याची गोष्ट नेमकी उलटी आहे. त्याचे ६० मिलिग्रॅमचे इंजेक्शन सहा महिन्यांनी त्वचेखाली देतात आणि हाडांची घनता त्याने वर्षानुवर्षे वाढत राहते. पण ते हाडात मुरत नाही. ठरलेली तारीख काही महिने टळली, तर दबून राहिलेली खरवड उसळून येते, कमावलेली घनता झपाट्याने जाते आणि काही जणांचे एकाच वेळी अनेक मणके मोडतात. या औषधाला विराम नसतो. ते थांबवायचे असेल तर पाठोपाठ बिसफॉस्फोनेट सुरू करावे लागते, आणि हे पहिल्या इंजेक्शनच्या आधीच रुग्णाला सांगितले गेले पाहिजे. मूत्रपिंड कमजोर असताना डेनोसुमॅबचा आधार मिळतो, पण मूत्रपिंडाचा आजार तीव्र असेल तर रक्तातले कॅल्शियम धोकादायकरीत्या घसरू शकते, त्यामुळे तिथे फार सावधगिरी लागते.

हाड बांधणारी औषधे ठरावीक मुदतीपुरतीच देतात. टेरिपॅराटाइडचे इंजेक्शन रोज, साधारण दोन वर्षांपर्यंत. रोमोसोझुमॅब महिन्यातून एकदा, बारा महिने. गेल्या वर्षभरात हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात झाला असेल, तर रोमोसोझुमॅब देत नाहीत. मुदत संपल्यावर खरवड रोखणारे औषध दिले नाही, तर बांधलेले हाड पुन्हा झिजते. ज्यांचा धोका फारच मोठा आहे, त्यांच्यात आधी बांधणी आणि मग राखण हा क्रम अधिक फायद्याचा ठरतो. उलट डेनोसुमॅबनंतर थेट टेरिपॅराटाइड दिले, तर घनता काही काळ चक्क घटते.

कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व यांची कमतरता यांतले कोणतेही औषध सुरू करण्यापूर्वी भरून काढावी लागते. हाड मोडलेल्या माणसाला केवळ त्यांच्यावर ठेवणे मात्र पुरेसे नाही.

(दृश्य : रुग्णाच्या फाइलचे पान.)

या पानावर डॉक्टरांनी औषधाच्या नावापुढे तीन गोष्टी लिहिल्या आहेत: ते कधी सुरू झाले, पुन्हा कधी तपासायचे, आणि ते संपले की त्याच्या जागी काय द्यायचे.