आत्याची पर्स आणि कोल्हापूरचा पावसाळा

नमस्कार श्रोतेहो.

आषाढ लागला की कोल्हापुरात दोन चौकशा सुरू होतात. पंचगंगेवरचा राजाराम बंधारा पाण्याखाली गेला का, ही पहिली. आणि घराघरांत कपाट उघडल्या उघडल्या, ‘हा कुबट वास कशाचा गं?’ ही दुसरी. आज मी या दुसऱ्या चौकशीबद्दल, आणि इटलीच्या जुन्या चामडी पर्स कशा घ्यायच्या, कशा जपायच्या याबद्दल बोलणार आहे, कारण त्या वासापायी माझ्या आत्याची पर्स माझ्या हातून जवळजवळ गेलीच होती.

आत्याचे यजमान बोटीवर होते. इटलीतल्या जेनोव्हाच्या बंदरात बोट लागली असताना त्यांनी ती पर्स घेतली. तपकिरी, झाकणाची, पितळी कडीची. आतल्या बाजूला सोनेरी अक्षरांत ‘वेरा पेल्ले’ असा छाप. ते कंपनीचं नाव असेल असंच आम्ही वर्षानुवर्षं धरून चाललो. पुढे कळलं, इटालियन भाषेत त्याचा अर्थ ‘खरं चामडं’ एवढाच. जुन्या पर्स विकणारे आजही हा छाप दाखवून भाव वाढवतात, म्हणून आधीच सांगून ठेवते.

आत्यानं ती मला दिली. नवी चप्पल घेतली की तिला तेल पाजायचं, हे माझ्या लहानपणापासून अंगवळणी पडलेलं. त्याच मायेनं मी पर्सला खोबरेल पाजलं, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलं आणि कपाटात ठेवून दिलं. दसऱ्याला काढून बघते तर झाकणाखाली हिरवट-पांढरी बुरशी, आणि जिथं तेल जास्त मुरलं होतं तिथं काळपट डाग. त्या दिवशी मला रडू आलं होतं. चपलेचं चामडं म्हशीचं, जाड, पायात रोज वापरायचं. पर्सचं चामडं पातळ असतं, आतून अस्तराला डकवलेलं असतं. तेल त्यात सगळीकडे सारखं पसरत नाही, चिकटवलेले जोड सैल करतं आणि वर धूळ धरून ठेवतं. त्यात प्लास्टिकनं वारा बंद केलेला. दमट हवेत बुरशीला आणखी काय हवं?

तरीही मी म्हणेन की इटलीचं जुनं चामडं ओळखायला कोल्हापूरच्या माणसाइतकं तयार माणूस सापडणार नाही. आपली चप्पल ज्या चामड्याची होते ते बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं असतं. इटलीतल्या तोस्काना प्रांतात, आर्नो नदीकाठच्या सांता क्रोचे गावात, आजही झाडांच्या अर्कात चामडं कमावतात. चेस्टनटचं लाकूड, केब्राचोचं लाकूड आणि मिमोसाची साल. हा मिमोसा म्हणजे आपल्या बाभळीच्याच गोतातलं झाड! क्रोमनं, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी, चामडं एक-दोन दिवसांत तयार होतं. झाडपाल्याच्या अर्काला कित्येक आठवडे लागतात. म्हणून अशा पर्सला नाक लावलं की लाकडासारखा गोडसर वास येतो, आणि आपल्या चप्पल लाईनमध्ये, म्हणजे कोल्हापूरच्या चप्पल बाजारात, वाढलेल्या नाकाला तो परका वाटत नाही.

आर्नो नदीचं नाव घेतलं आणि एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. आपले कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज (दुसरे) इंग्लंडहून परत येताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्समध्ये वारले. अवघ्या विशीत. आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर त्यांना अग्नी दिला, आणि तिथल्या कॅशिने बागेत त्यांचं स्मारक आजही उभं आहे. जवळच्या पुलाला तिथले लोक ‘भारतीयाचा पूल’ म्हणतात. त्याच शहरात १९२१ साली गुच्चीओ गुच्ची यांनी चामड्याच्या वस्तूंचं दुकान काढलं. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९५० साली, तिथल्याच, त्या गावाशी फक्त नावानं जुळणाऱ्या सांता क्रोचे चर्चच्या फ्रान्सिस्कन साधूंनी युद्धात अनाथ झालेल्या मुलांना हातात कसब यावं म्हणून चामड्याची शाळा सुरू केली. ती शाळा अजून चालू आहे. पोरक्या मुलांना चामडं शिवायला शिकवणाऱ्या त्या साधूंबद्दल मला फार आदर आहे.

आता विकत घेण्याचं. जुनी पर्स पहिल्यांदा शोधायची ती घरातल्या पेटीत, माळ्यावर, परदेशात राहिलेल्या मावशी-काकूंकडे. तिथं नाही मिळाली तर जुन्या वस्तू विकणाऱ्या साइट्स आहेत. परदेशातून मागवली तर सीमाशुल्क पडतं, ते धरूनच किमतीचा हिशेब करा. मगर किंवा अजगराच्या कातड्याची पर्स कितीही स्वस्त दिसली तरी मागवू नका. वन्य प्राण्यांच्या कातड्याला आंतरराष्ट्रीय परवाना लागतो आणि तो नसेल तर माल अडकतो.

विकणाऱ्याकडून फोटो मागताना समोरचा एकच फोटो कधी चालवून घेऊ नका. खालचे चारही कोपरे, मूठ जिथं पर्सला शिवलेली असते ती जागा, चेन उघडून आतलं अस्तर आणि चामड्याची कापलेली कड दाखवायला सांगा. झाडांच्या अर्कातलं चामडं कडेपर्यंत तपकिरी असतं, क्रोमच्या चामड्याची कड पुष्कळदा आतून निळसर-राखी दिसते. क्रोम म्हणजे वाईट असं नाही. मऊ, रंगीत पर्सना तेच लागतं, आणि आपल्या पावसात ते जास्त तग धरतं. फक्त आपण काय घेतोय ते घेणाऱ्याला ठाऊक असावं. कोपरा थोडा झिजलेला असेल तर घाबरू नका. चामडं तडकलं असेल, हात लावला की भुगा पडत असेल, तर ती पर्स सोडून द्या. कोरडं पडून तडकलेलं चामडं कुठल्याही मलमानं पुन्हा सांधत नाही.

सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या पुष्कळ पर्समध्ये आतून प्लास्टिकसारखा मुलामा असतो. आपल्याकडच्या उष्ण-दमट हवेत तो चिकट होतो, त्याचे पापुद्रे निघतात, आत ठेवलेला रुमालसुद्धा चिकटतो. बघून वाटतं की पर्स संपली. पण बाहेरचं चामडं धड असतं, अस्तर काढून नवं घालता येतं. अशी पर्स स्वस्तात मिळाली तर मी तरी सोडणार नाही.

नावाच्या मागे लागणाऱ्यांसाठी एक सांगते. व्हिचेन्झामध्ये १९६६ साली सुरू झालेल्या बोत्तेगा वेनेता या कंपनीची ओळखच चामड्याच्या पट्ट्यांचं विणकाम असलेली पर्स. बाहेर नाव लिहायची त्यांना गरज वाटली नाही. ते विणकाम पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला आपल्या चपलेच्या अंगठ्याजवळची वेणी आठवली. जून २०२५ मध्ये मिलानला प्राडा या इटालियन कंपनीच्या फॅशन शोमध्ये आपल्यासारख्या चपला दिसल्या आणि कोल्हापूरचं नाव मात्र कुठं नव्हतं, तेव्हा आपण सगळे संतापलो. रास्तच होतं ते. २०१९ पासून आपल्या चपलेला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, आहे. पुढे कंपनीनं चपलेचं मूळ मान्यही केलं. तिकडच्या लोकांना आपली वेणी आवडली, यात मला तरी नवल वाटलं नाही. दोन्हीकडचे हात एकच काम करत आले आहेत.

काही श्रोत्यांच्या मनात एक प्रश्न असेल. इटलीतल्या बऱ्याच पर्स वासराच्या चामड्याच्या असतात. ज्यांच्या मनाला ते पटत नाही त्यांनी घेऊ नये, आणि घेण्याआधी चामडं कशाचं ते स्पष्ट विचारावं. माझ्यापुरतं सांगायचं तर जी वस्तू पन्नास वर्षांपूर्वी तयार झाली ती फेकून देणं मला जास्त जड जातं.

निगा कशी राखायची? पर्सला वारा लागू द्या, हे सगळ्यात मोठं. हवेतली आर्द्रता पासष्ट टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी धरायला लागते, आणि आपल्याकडे आषाढ-श्रावणात ती त्याच्या खूप वर असते. म्हणून पावसाळ्यात आठवड्यातून एकदा पर्स बाहेर काढा, उघडी करून पंख्याखाली तासभर ठेवा. उन्हात ठेवू नका, रंग उडतो आणि चामडं आखडतं. ठेवायची ती जुन्या मऊ सुती साडीच्या तुकड्यात, उभी. आकार राहावा म्हणून आत कोरा कागद किंवा जुना टॉवेल भरा. वर्तमानपत्र नको, शाई अस्तराला लागते. डांबरगोळ्यांचा वास चामड्यात मुरला की महिनोन्‌महिने जात नाही, त्याही नकोत. नव्या बुटांच्या खोक्यात ओल शोषणाऱ्या पुड्या येतात त्या जपून ठेवा, आत दोन टाका.

भिजली तर कोरड्या फडक्यानं टिपून घ्या, घासू नका, आणि सावलीत आपोआप वाळू द्या. बुरशी धरली तर पर्स घराबाहेर नेऊन कोरड्या फडक्यानं पुसा, ते फडकं टाकून द्या. मग किंचित ओल्या कापडानं पुसून दोन दिवस वाऱ्यावर ठेवा. वर्षातून एक-दोनदा, दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत, बिनरंगी लेदर क्रीमचा अगदी पातळ हात द्या. आधी तळाशी, न दिसणाऱ्या जागी लावून एक दिवस थांबा. स्वयंपाकघरातली तेलाची बाटली मात्र स्वयंपाकघरातच राहू द्या.

राहिलं कशावर घ्यायची ते. तपकिरी, हाताळून गडद झालेली पर्स इरकलीवर फार खुलते, पायात कोल्हापुरी असेल तर आणखीच. दोन्हींचा तपकिरी रंग तंतोतंत जुळायला हवा असा हट्ट धरू नका. पैठणीवर आखूड मुठीची छोटी काळी पर्स मनगटावर घ्या, खांद्यावर पट्टा नको, जरीवर घासतो. कडीचं टोक जरा धारदार असेल तर रेशमाचा धागा ओढला जातो, हे पदरानं शिकण्यापेक्षा आधी बोटानं तपासा. फिकट रंगाची पर्स नव्या, गडद जीन्सबरोबर घेऊ नका. रंग लागतो आणि निघत नाही.

आत्याची पर्स मी शेवटी चप्पल लाईनमधल्या एका वयस्क कारागिरांकडे नेली. त्यांनी ती हातात घेतली, कडेवरून अंगठा फिरवला, वास घेतला आणि म्हणाले, ‘ताई, हे सालीचंच चामडं हाय.’ कुठल्या देशातलं हे त्यांनी विचारलंही नाही. जुनं अस्तर काढून त्यांनी आत्याच्याच एका विरलेल्या इरकलीचं नवं अस्तर घातलं. खोबरेलाचे डाग आहेत तसेच आहेत. आज स्टुडिओत येताना तीच पर्स आणली आहे. आता बाहेर पाऊस आहे, तेव्हा ती रेनकोटच्या आत जाईल.

नमस्कार.