यादीतली 46 नावं

हा कागद नीट बघा. शाई तपकिरी झालीय, पण नावं अजून वाचता येतात. न्यू जर्सीतली माँटगोमेरी टाउनशिप, ऑक्टोबर 1801, आणि ही नावं नुसती पात्र लोकांची नाहीत, खरंच येऊन मत टाकून गेलेल्यांची आहेत. एकूण 343. कॅमेरा सावकाश खाली येतोय... हं, इथे थांबा. हे बाईचं नाव. खाली अजून एक. अशा 46 जणी.

अमेरिकेत बायकांना मत 1920 साली मिळालं असंच आपण पाठ केलेलं असतं, मग ह्या कोण?

त्या काळी मत म्हणजे जमीनजुमल्याचा मामला होता. व्हर्जिनियात जमीन लागायची, आणि यामागचं लॉजिक असं की ज्याचं स्वतःचं काही नाही तो मालक सांगेल तिथेच मत देणार, मग त्याला विचारायचंच कशाला! (हे लॉजिक ऐकल्यासारखं वाटतंय ना?)

आता न्यू जर्सी. 2 जुलै 1776, स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याच्या दोन दिवस आधी, ब्रिटिश फौज समोर स्टेटन आयलंडवर उतरतेय आणि इकडे ही मंडळी घाईघाईत राज्यघटना पास करतायत. मताची अट काय, तर सज्ञान रहिवासी, 50 पौंडांची मालमत्ता, काउंटीत (म्हणजे जिल्ह्यात) एक वर्ष वास्तव्य. बस. पुरुष हवा, गोरा हवा, असं कुठेच नाही. 1790 च्या कायद्यात काही काउंट्यांपुरता मतदार बाईही असू शकते हे स्पष्टच लिहिलं, 1797 ला ते अख्ख्या राज्याला लागू झालं. म्हणजे घटनेत 'पुरुष' लिहायचं चुकून राहून गेलं वगैरे म्हणणाऱ्यांनी हा कायदाही बघावा.

पण सगळ्या बायका नाहीत हां. लग्न झालं की बाईची मिळकत नवऱ्याची, त्यामुळे 50 पौंड स्वतःच्या नावावर असणार कुणाच्या, तर विधवांच्या आणि बिनलग्नाच्या बायकांच्या. ह्याच यादीत काही मुक्त, म्हणजे गुलाम नसलेले, काळे पुरुषही आहेत. आणि ह्या मतांना वजन होतं, 1797 ला एलिझाबेथटाउनच्या बायका एका उमेदवाराविरुद्ध एकगठ्ठा उतरल्या तेव्हा तो कसाबसा निवडून आला. दोन्ही पक्ष बायकांना मतदानाला आणायचे, आणि हरले की त्यांच्याच नावाने खडे फोडायचे.

मग फेब्रुवारी 1807. एसेक्स काउंटीचं कोर्टहाऊस कुठे बांधायचं, नेवार्कला की एलिझाबेथटाउनला? एवढ्यावर मतदान, आणि त्यात असा काही धिंगाणा झाला की विचारू नका, एकेकाने चार-चारदा मतं टाकली, पुरुष आणि पोरं बायकांचे कपडे घालून रांगेत शिरल्याच्या तक्रारी आल्या, मतं निघाली ती मतदारांपेक्षा जास्त. लबाडी केली पुरुषांनी बायकांचा वेष घेऊन, आणि नोव्हेंबरमध्ये विधिमंडळाने मत काढून घेतलं ते बायकांचं! यापुढे फक्त मुक्त, गोरे, कर भरणारे पुरुष. काळे मतदारही गेले, ते परत आले 1870 ला, बायका 1920 ला.

कोर्टहाऊसच्या मतदानाचा निकाल रद्द झाला. कोर्ट राहिलं नेवार्कलाच.