बटण दाबलं, पण फोटो अजून निघायचाय

(पडद्यावर: मीडियम फॉरमॅट कॅमेरा समोरून, अगदी जवळून. बोट बटणावर. स्लो मोशन.)

बघा आता. बोट खाली गेलं, बटण पूर्ण दाबलं गेलंय. आणि फोटो? तो अजून निघालेलाच नाहीये. लेन्समधलं शटर, म्हणजे उजेड अडवणारी झडप, इतका वेळ उघडं होतं, कारण आपण त्यातूनच बघत होतो, ते आधी बंद होतंय. अ‍ॅपर्चरच्या (उजेडाचं भोक लहान-मोठं करणाऱ्या) पात्या आत सरकतायत. मागे आपल्याला चित्र दाखवणारा आरसा वर उचलला जातोय, त्याच्या मागची दोन झाकणं उघडतायत, आणि हे सगळं पार पडल्यावर आत्ता कुठे लेन्सचं शटर पुन्हा उघडलं आणि फिल्मवर उजेड पडला. स्लो केलंय म्हणून दिसतंय, नाहीतर कानाला एकच 'खटॅक' येतं आणि आपण समजतो झालं, निघाला फोटो.

हे हॅसलब्लाड ५०० सी चं डिझाइन, १९५७ सालचं. बोट दाबल्यापासून उजेड पडेपर्यंत मधे जो वेळ जातो तो शटर लॅग.

छोट्या कॅमेऱ्यातही तो असतोच, पण मीडियम फॉरमॅटमध्ये, म्हणजे ३५ एमएमपेक्षा मोठ्या फ्रेमच्या कॅमेऱ्यांत, जास्त जाणवतो आणि त्याचं कारण साधं आहे, वजन. ३५ एमएमची फ्रेम २४ बाय ३६ मिलिमीटर, आणि मीडियम फॉरमॅटमधली '६ बाय ६' सेंटिमीटर म्हणतात ती साधारण ५६ बाय ५६, म्हणजे क्षेत्रफळ साडेतीन पटीच्या वर. फ्रेम मोठी म्हणजे आरसा मोठा, आरसा मोठा म्हणजे जड, आणि जड वस्तू झटक्यात हलवायची, वर नेऊन थांबवायची, आणि ती थांबताना कॅमेरा हलू द्यायचा नाही, एवढं सगळं इंजिनियरला सांभाळायचं असतं. मामिया आरबी ६७ घ्या, १९७० चा. त्याची बॅक, म्हणजे मागचा फिल्मचा डबा, फिरते, आडवा फोटो उभा करायचा तर कॅमेरा आडवा धरावा लागत नाही, फारच सोयीचं, पण मग आरशालाही आडवी आणि उभी दोन्ही फ्रेम पुरवावी लागते, म्हणजे आरसा अजून मोठा. पेंटॅक्स ६७ चा आरसा किती जोरात आपटतो ते ज्यांनी ऐकलंय त्यांना वेगळं सांगायला नको.

आता लॅग किती मिलिसेकंद यावरून लोक खूप वाद घालतात. माझं म्हणणं असं की त्या आकड्याआधी आपला स्वतःचा आकडा बघा. डोळ्याला काहीतरी दिसलं आणि बोट हललं, यात माणसाला साधारण ०.२ सेकंद लागतात. कॅमेऱ्याचा लॅग हिशेबासाठी ०.१ सेकंद धरू. म्हणजे सगळ्यात मोठा लॅग आपल्यातच आहे, आणि त्यासाठी काही फर्मवेअर अपडेट येत नाही!

(पडद्यावर: एक मुलगा जागेवर उडी मारतोय. पुन्हा तेच, हळू.)

हा मुलगा जागच्या जागी ३० सेंटिमीटर उंच उडी मारतोय. पाय जमिनीवरून सुटल्यापासून सगळ्यात वर पोचायला त्याला पाव सेकंदाच्या आसपास लागतो, खाली यायला तेवढाच. आता समजा तुम्ही व्ह्यूफाइंडरमध्ये बघताय आणि ठरवलंय की तो सगळ्यात वर दिसला की बटण दाबायचं. दिसला. मेंदूकडून बोटाकडे ०.२, कॅमेऱ्याचे ०.१, झाले ०.३ सेकंद. आणि पोरगा तर पाव सेकंदातच खाली आलेला! फोटोत तो जमिनीवर उभा, गुडघे वाकवून, आणि आपण म्हणतो कॅमेरा स्लो आहे.

उलटीकडून मोजा. तो सगळ्यात वर असताना शटर उघडायला हवं तर बटण त्याच्या ०.१ सेकंद आधी दाबलं गेलं पाहिजे, तेव्हा तो वरच्या टोकापासून जेमतेम ५ सेंटिमीटर खाली असतो. आणि बोटाला हुकूम सुटायला हवा त्याच्याही ०.२ सेकंद आधी. म्हणजे टोकाच्या ०.३ सेकंद आधी, आणि त्या क्षणी त्याचे पाय अजून जमिनीलाच टेकलेले आहेत! म्हणजे उडी बघून उडीचा फोटो काढताच येत नाही. गुडघे वाकलेले सरळ व्हायला लागले, हात मागून पुढे यायला लागले, तिथेच निर्णय झालेला असावा लागतो.

थोडा दिलासाही आहे बरं का. उडीच्या टोकाला वेग शून्य होतो, त्यामुळे तुमचा अंदाज ०.०५ सेकंद इकडेतिकडे झाला तरी मुलगा सव्वा सेंटिमीटरच खाली दिसेल, कोणाला कळणारही नाही. झोका, मान वळवणारं माणूस, बॅट मागे नेलेला खेळाडू, असे जे थांबून उलटे फिरणारे क्षण असतात तिथे लॅग असलेला कॅमेरा सुद्धा मस्त चालतो. खरी पंचाईत सरळ जाणाऱ्या गोष्टींची. ताशी १८ किलोमीटरने जाणारी सायकल सेकंदाला ५ मीटर जाते, म्हणजे ०.१ सेकंदात अर्धा मीटर. तिचं पुढचं चाक अमुक रेषेवर असतानाच फोटो हवा असेल तर बटण अर्धा मीटर आधी दाबायचं, आणि हे अर्धा मीटर प्रत्येक वेळी तेवढंच हवं.

हे 'तेवढंच' फार महत्त्वाचं आहे. लॅग मोठा असला तरी चालतो, बदलता असला की मात्र हात सेट होत नाही. पूर्ण मेकॅनिकल कॅमेरा नीट सर्व्हिस केलेला असेल तर प्रत्येक वेळी जवळपास तेवढाच वेळ घेतो, आणि आठ-दहा रोल झाले की बोटाला ते आपोआप कळायला लागतं. ऑटोफोकसवाल्या कॅमेऱ्यात मात्र बटण पूर्ण दाबल्यावर आधी फोकस शोधला जातो, कधी पटकन सापडतो, कधी पुढेमागे हुंदडत बसतो, आणि लोक त्या सगळ्याला शटर लॅग म्हणून मोकळे होतात. तो फोकसचा वेळ आहे. फोकस आधीच करून ठेवा, किंवा फोकस मागच्या बटणावर टाका, किंवा सरळ मॅन्युअलवर जा. मग जो उरतो तो खरा लॅग, आणि तो बऱ्यापैकी ठरलेला असतो.

बटणाचंही तसंच. बऱ्याच कॅमेऱ्यांत बटण थोडं खाली जाईपर्यंत काहीच होत नाही आणि मग एका ठिकाणी सुटतं. ते मोकळं अंतर आधीच दाबून बोट सुटायच्या जागेवर आणून ठेवायचं. केबल रिलीज, म्हणजे बटणाऐवजी लांबून दाबायची तार, वापरत असाल तर त्यातलाही ढिलेपणा आधीच काढून घ्या, नाहीतर लॅगमध्ये केबलचीही भर.

(पडद्यावर: ट्रायपॉडवर कॅमेरा, फोटोग्राफर कॅमेऱ्याच्या बाजूला उभा, नजर समोरच्या व्यक्तीकडे.)

आता सगळ्यात मोठा उपाय. कॅमेऱ्याला जी कामं आधी करता येतात ती आधीच करून टाकायची. हॅसलब्लाडच्या ५०० मालिकेत उजव्या बाजूला, वाइंडिंग क्रँकच्या खाली एक छोटी कळ असते. ती दाबली की शटर मिटतं, अ‍ॅपर्चर बसतं, आरसा वर जातो, मागची झाकणं उघडतात, सगळी फौज तयार. मग मेन बटणाला काम राहतं एकच, शटर उघड-बंद करायचं. आरबी ६७ मध्ये जरा वेगळं आहे, तिथे लेन्सवरचा नॉब मिरर-अपला फिरवून केबल रिलीज थेट लेन्सला लावायची, बॉडीच्या बटणाने आरसा उचलायचा आणि केबलने फोटो काढायचा. लोक हे सगळं थरथर टाळायला वापरतात, पण लॅगही त्यातच कमी होतो, हे फारसं कोणी बोलत नाही.

किंमत काय? व्ह्यूफाइंडर काळा. आता तुम्हाला त्यातून काहीच दिसणार नाही. हॅसलब्लाडमध्ये एकदा कळ दाबली की माघार नाही, ती फ्रेम काढावीच लागते, आणि मीडियम फॉरमॅटच्या १२० नावाच्या रोलवर ६ बाय ६ च्या फ्रेम बाराच. शिवाय समोरचा माणूस थोडा पुढेमागे डोलला की गेला फोकस, कारण ८० एमएमची लेन्स पूर्ण उघडी ठेवून जवळून पोर्ट्रेट काढताना शार्प भाग अगदी पातळ असतो. म्हणून लेन्सचं भोक एक-दोन स्टॉप, म्हणजे टप्पे, बंद करा, माणसाला टेकायला काहीतरी द्या.

पण मला विचाराल तर काळा व्ह्यूफाइंडर हा तोटा नाहीच. कॅमेऱ्याच्या बाजूला उभं राहून माणसाकडे सरळ डोळ्यांनी बघता येतं. बहुतेकांची पापणी मिटून परत उघडायला ०.१ ते ०.४ सेकंद लागतात. तिच्याकडे लक्ष द्या, मिटून उघडली की लगेच दाबा, पुढची पापणी यायला सहसा थोडा वेळ असतो. आरशातून बघताना नेमक्या फोटोच्या क्षणी अंधार होतो, पापणी मिटली का ते तुम्हाला दिसतच नाही.

ज्यांना हा सगळा खटाटोप नको त्यांच्यासाठी उत्तर आधीपासूनच होतं. रोलायफ्लेक्स, १९२९. दोन लेन्स, बघायची वरून, फोटो खालच्या लेन्समधून, आरसा कायम जागेवर, शटर आधीपासूनच मिटलेलं. हलायला काही नाहीच, त्यामुळे लॅग अगदी नगण्य, आणि फोटो निघतानाही चित्र दिसत राहतं. डावं-उजवं उलटं दिसतं ते सवयीने जमतं, आणि जवळच्या फोटोत पॅरलॅक्स, म्हणजे दोन लेन्सच्या नजरेतला फरक, सांभाळावा लागतो. मामिया ७ सारखे रेंजफाइंडर, म्हणजे बघायला वेगळी खिडकी असलेले कॅमेरे, त्याच पंगतीतले.

(पडद्यावर: डिजिटल मीडियम फॉरमॅट, इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडरची चौकट.)

मग २०१६ मध्ये हॅसलब्लाडचा एक्स१डी आला, मिररलेस, आणि सगळ्यांना वाटलं आरसा गेला, लॅग गेला. कुठला जातोय! शटर लेन्समध्ये, आणि लाइव्ह व्ह्यू दाखवायला ते उघडंच ठेवावं लागतं, म्हणजे बटण दाबल्यावर आधी मिटणार, अ‍ॅपर्चर बसणार, सेन्सर तयार होणार, मग उघडणार. क्रम बघा, १९५७ चाच, फक्त आरसा वजा. वर व्ह्यूफाइंडरमध्ये जे दिसतंय तेही थोडं आधीचंच असतं, कारण सेन्सरवरून वाचून स्क्रीनवर यायला वेळ जातो.

फुजीच्या जीएफएक्समध्ये शटर सेन्सरच्या पुढे आहे आणि पहिला पडदा इलेक्ट्रॉनिक ठेवायची सोय आहे. ती चालू केली की आधी मिटायचं काम वाचतं. पूर्ण इलेक्ट्रॉनिक शटर ऐकायला अजून छान वाटतं, पण सुरुवातीच्या ५० मेगापिक्सेलच्या सेन्सरना अख्खी फ्रेम वाचायलाच इतका वेळ लागतो की सायकलचं चाक तिरकं येतं. आणि बर्स्टवर, म्हणजे बटण दाबून धरून सलग फोटो घेण्यावर, भरवसा ठेवू नका. जीएफएक्स ५०एस सेकंदाला ३ फ्रेम घेतो, दोन फ्रेममध्ये ०.३३ सेकंद. मगाचा तो मुलगा जमिनीपासून टोकापर्यंत पाव सेकंदात जातो, म्हणजे त्याचं टोक दोन फ्रेमच्या मधे आरामात निसटू शकतं. एकच फ्रेम, पण वेळेवर, हे बर्स्टपेक्षा बरं.

स्वतःच्या कॅमेऱ्याचा लॅग मोजायला महागडं काही लागत नाही. मोबाईल २४० फ्रेमच्या स्लो मोशनवर लावा, चौकटीत बटणावरचं बोट आणि लेन्सचं तोंड दोन्ही येऊ द्या. रोल न घालता, शटर १/६० च्या आसपास ठेवून दाबा. मग व्हिडिओ एकेक फ्रेम पुढे सरकवत बोट तळाला टेकलेली फ्रेम शोधा, शटर मिटून परत उघडलेली फ्रेम शोधा, मधल्या मोजा. २४ फ्रेम म्हणजे ०.१ सेकंद. पाच-सहा वेळा करा, आकडे जवळजवळ सारखे आले तर उत्तम. एकदा २०, एकदा ३५ असं काही येत असेल तर सरावाने ते सुटणार नाही, कॅमेरा आधी मेकॅनिककडे जाऊ दे.