पूल एकच, होरेशियसचे शेवट तीन

टायबर नदीवरचा लाकडी पूल. पलीकडून रोमच्या उत्तरेकडचे शेजारी एट्रुस्कन, त्यांच्या पोर्सेना राजाचं सैन्य येतंय, मागे रोमन लोक घाईघाईने पूल तोडतायत आणि तोंडाशी उभा आहे रोमन योद्धा होरेशियस. साल साधारण इ.स.पू. 508. इथपर्यंत सगळे एकच गोष्ट सांगतात. पूल पडला, मग पुढे?

ग्रीक इतिहासकार पॉलिबियस म्हणतो, गेला. चिलखतासकट नदीत उडी घेतली आणि समजून उमजून जीव दिला. त्याला दाखवायचं होतं की रोमन पोरं देशासाठी काय काय करायला तयार असतात, त्यामुळे तिथे मरणच हवं होतं. मग शंभरेक वर्षांनी रोमन इतिहासकार लिव्ही येतो आणि त्याचा होरेशियस बाणांच्या पावसातून आरामात पोहत पार होतो, वर पुतळा, आणि दिवसभरात नांगराने जेवढी घेरता येईल तेवढी जमीन बक्षीस. लिव्ही स्वतःच हळूच म्हणतो की या पराक्रमाला पुढे नाव जास्त मिळालं, विश्वास कमी. हे वाचून मला तो माणूस एकदम आवडला.

डायोनिसियस लिव्हीच्याच काळातला, पण ग्रीक, हॅलिकार्नाससचा. रोमन मुळात ग्रीकच हे पटवण्यासाठी 20 खंड लिहिणारा गडी. त्याच्याकडे होरेशियस वाचतो, पण ढुंगणात भाला घुसतो, जन्मभर लंगडतो आणि म्हणून कधी कॉन्सल, म्हणजे रोमचा सर्वोच्च निवडून आलेला अधिकारी, होत नाही. मला वाटतं कुणीतरी नक्की विचारलं असणार, एवढा हिरो होता तर कॉन्सलच्या यादीत नाव का नाही?

आता यातलं डोळ्यांनी कुणी पाहिलंय? कुणीच नाही. पहिला रोमन इतिहासकार फेबियस पिक्टर, तोही घटनेनंतर 300 वर्षांनी आणि तोही ग्रीकमध्ये लिहिणारा, त्याचं पुस्तक आज हरवलंय, उरलेत ते इतरांनी दिलेले उल्लेख. जुन्या नोंदी उत्तरेकडून आलेल्या गॉल टोळ्यांनी रोम शहर जाळलं तेव्हा गेल्या, हे लिव्हीच सांगतो.

आणि खरी गंमत नंतरच्या रोमन इतिहासकार टॅसिटसकडे आहे, तो भलत्याच विषयावर लिहिताना जाता जाता बोलून जातो की शहर पोर्सेनाला शरण गेलं होतं. म्हणजे पूल तोडूनही! रोमन लेखक थोरला प्लिनी तर तहाची अटच सांगतो, शेतीच्या कामाशिवाय रोमनांनी लोखंड वापरायचं नाही. चला, होरेशियसला बक्षिसाची जमीन नांगरायला तरी अडचण आली नसणार.