दंडावरचं इंजेक्शन, बाळाची बेंबी

नमस्कार श्रोतेहो.

दिवाळीच्या महिनाभर आधीची गोष्ट. अंगणवाडीत लसीकरणाचा दिवस होता. मी आता रिटायर झाले, पण सवयीनं जाऊन बसते. चौथा महिना लागलेली एक सून सतरंजीवर बसली होती, सासू शेजारी उभी. नर्सबाईनं धनुर्वाताच्या लसीची सुई हातात घेतली तशा सासूबाई म्हणाल्या, "इंजेक्शनले नाई म्हनत नाई मी. पन पोटातल्या लेकराले काई झालं तं?"

असं तोंडावर विचारणाऱ्या बाईची मला काळजी वाटत नाही. काळजी वाटते ती मान हलवून मागच्या दारानं घरी निघून जाणारीची. म्हणून आज याच प्रश्नाचं बोलू.

नोकरीला लागले तेव्हा आठ दिवसांचं एक बाळ बैलगाडीतून आणलं होतं. नाळ विळ्यानं कापलेली, वरून राख दाबलेली. पहिले दोन दिवस छान प्यायलं म्हणे, मग छाती तोंडात धरेना. जबडा घट्ट मिटलेला. दाराची कडी वाजली तरी ते इवलंसं अंग धनुष्यासारखं ताठ व्हायचं. आम्ही खिडकीला गोधडी लावून अंधार केला, चपला बाहेर काढल्या. घरचे म्हणत होते, नजर लागली. नजर नव्हती, धनुर्वात होता. या आजारात बाळ शुद्धीवर असतं, सगळं त्याला कळत असतं. ते वाचलं नाही.

धनुर्वाताचे जंतू मातीत असतात, शेणात असतात. म्हणजे आपल्या गोठ्यात, वावरात, अंगणात. हा आजार एकापासून दुसऱ्याला लागत नाही, त्यामुळे गावातल्या बाकीच्यांनी लस घेतली म्हणून आपलं बाळ वाचत नाही. ज्याचं त्यालाच संरक्षण लागतं. आणि नुकत्या जन्मलेल्या बाळाला ते स्वतः तयार करायला वेळच कुठे असतो? त्याची स्वतःची धनुर्वाताची पहिली लस दीड महिन्याला, पेंटाव्हॅलंट या पाच आजारांच्या एकत्र लसीमध्ये. तोवर त्याच्याकडे असते ती आईनं दिलेली शिदोरी. आईच्या दंडात लस गेली की तिच्या रक्तात आजाराशी लढणारी प्रतिपिंडं तयार होतात, ती वारेतून बाळाकडे उतरतात. नाळ कापतात त्या दिवशी बाळ ती घेऊनच आलेलं असतं.

आता लेकराला काही होईल का, ते. या लसीत जिवंत जंतू नसतोच. जंतूचं विष घेऊन, त्याचा विषारीपणा काढून ते वापरतात. जे जिवंत नाही ते पोटात वाढणार कसं? उलट गोवर-रुबेलाची लस जिवंत असते, म्हणून ती गरोदरपणात आपण देत नाही. म्हणजे कुठली द्यायची नि कुठली नाही, याचा विचार झालेला आहे. टीडीनं, म्हणजे या लसीनं, दंड दुखतो, गाठ येते, कधी अंग कोमट होतं. एक-दोन दिवसांत उतरतं. आधी कुठल्या इंजेक्शननं अंगावर गांधी उठल्या असतील, दम लागला असेल, तर नर्सबाईला आधी सांगा, आणि टोचल्यावर अर्धा तास तिथंच बसा.

"त्या शेजारनीनं घेतलं अन् तिचं पडलं," असंही ऐकते मी. खोटं नसतं ते. पण दिवस गेलेल्या शंभर जणींमध्ये दहा-पंधरा जणींचा गर्भ पहिल्या तीन महिन्यांत पडतो, लस घेतली असो की नसो. इंजेक्शन आठवणीत राहतं, म्हणून दोष त्याच्यावर जातो.

मी सासूबाईंना विचारलं, "हा तुमचा पोरगा पोटात होता तेव्हा तुम्ही टीटी घेतलं होतं?"

"घेतलं ना. दोन घेतले."

पोरगा बाहेर मोटारसायकलवर बसून मोबाइल पाहत होता. चांगला धिप्पाड. सासूबाईंनी एकदा त्याच्याकडे पाहिलं नि हसल्या.

तेव्हाचं टीटीच आता टीडी झालं आहे. 2019 पासून त्यात घटसर्पाचीही भर पडली. अशाच लाखो सासवांनी दंड पुढे केले, बाळंतपणं दवाखान्यात होऊ लागली, नाळ स्वच्छ पात्यानं कापू लागले, तेव्हा कुठे 2015 मध्ये भारताचं नाव नवजात धनुर्वात दूर केलेल्या देशांत गेलं. दूर केला याचा अर्थ प्रत्येक जिल्ह्यात हजार जन्मांमागे एकाहून कमी. माती तीच आहे.

पहिला डोस दिवस गेल्याचं कळताच, दुसरा त्यानंतर चार आठवड्यांनी. मागच्या बाळंतपणाला तीन वर्षं झाली नसतील आणि तेव्हा दोन्ही घेतले असतील, तर एकच पुरतो. छत्तीस आठवडे उलटले तरी घ्यायचाच. मात्र बाळंतपणाच्या दोन आठवडे आधी झालेला बरा, बाळाकडे उतरायला वेळ मिळतो. खाजगीत सातव्या-आठव्या महिन्यात डांग्या खोकल्याचीही लस सुचवतात. परवडत असेल तर डॉक्टरांशी बोला.

आमच्याकडे दुसरा डोस चुकतो तो भीतीनं कमी, माहेरी जाण्यानं जास्त. कार्ड सासरी ट्रंकेत, पोरगी माहेरी, आणि तिथल्या आशाताईला पत्ता नाही. या सुनेचा दुसरा डोस भाऊबीजेच्या पुढेमागे येत होता, माहेर वणीकडे. नर्सबाईनं कार्डावर तारीख घातली. सासूबाईंनी ते उलटंपालटं करून पाहिलं, आधार कार्डाच्या पिशवीत सरकवलं आणि सुनेला म्हणाल्या, "लुगडं मागून भर. हे पैले पिशवीत टाक."