प्लेटलेटची पिशवी

श्रोतेहो, नमस्कार.

पावसाळा सरत आला की डेंग्यूचे रुग्ण वाढतात आणि घराघरांतून एकच चौकशी ऐकू येते: ‘प्लेटलेट किती आल्या?’ आकडा घसरला की नातेवाईक रक्तपेढीकडे धावतात. दाता कोण, गट कुठला, पिशव्या किती मिळतील, हे सगळं विचारून होतं. पिशवी कशाची आहे, हे मात्र कुणी विचारत नाही. खरं तर आतल्या प्लेटलेट चौथ्या-पाचव्या दिवशी कामाच्या राहतील की नाही, ते बरंचसं त्या प्लास्टिकवर ठरतं.

पूर्वी रक्त काचेच्या बाटलीत साठवत. प्लेटलेटचं कामच मुळी परक्या पृष्ठभागाला चिकटून रक्त थांबवण्याचं. त्यामुळे काच लागली की त्या तिलाच चिकटायच्या. १९५०च्या सुमारास बॉस्टनचे शल्यविशारद कार्ल वॉल्टर यांनी प्लास्टिकची रक्तपिशवी आणली. ती फुटत नव्हती, शिवाय एकमेकींना नळ्यांनी जोडलेल्या पिशव्यांमध्ये बाहेरची हवा लागू न देता रक्ताचे घटक वेगळे करता येऊ लागले. आज एका दात्याचं रक्त तिघांना उपयोगी पडतं, ते या जोडपिशव्यांमुळे.

हे प्लास्टिक म्हणजे पीव्हीसी. पाण्याचे पाइप करतात तेच. ते मुळात कडक असतं. पिशवीसारखं मऊ व्हावं म्हणून त्यात डीईएचपी नावाचं तेलकट रसायन भरपूर घालतात आणि ते थोडं थोडं रक्तात उतरतं. ऐकून दचकायला होतं, आणि त्यावर वाद आहेतच. पण गंमत अशी की लाल पेशींना ते मानवतं. त्यांचं आवरण टिकतं आणि योग्य द्रावणात त्या ४२ दिवसांपर्यंत वापरता येतात. प्लेटलेटच्या बाबतीत मात्र ही पिशवी अपुरी पडली.

अपुरी का पडली, ते सांगतो. १९६९ साली अमेरिकेत मर्फी आणि गार्डनर या संशोधकांनी दाखवलं की फ्रिजमध्ये ठेवलेल्या प्लेटलेट रुग्णाच्या रक्तात फार काळ टिकत नाहीत; २२ अंशांवर ठेवलेल्या टिकतात. तेव्हापासून प्लेटलेट २० ते २४ अंशांत ठेवतात. पण त्या तापमानात पेशी जाग्या असतात. त्यांना सतत ऑक्सिजन लागतो आणि त्या कार्बन डायऑक्साइड सोडत राहतात. पिशवी तर पक्की बंद. मग हवा येणार-जाणार कुठून? पिशवीच्या भिंतीतूनच.

भिंत जाड असली, किंवा प्लास्टिक वायूला अडवणारं असलं, की आत ऑक्सिजन कमी पडतो. प्लेटलेट मग ऑक्सिजनशिवाय साखर जाळू लागतात आणि त्यातून लॅक्टिक आम्ल तयार होतं. रक्तद्रवातलं बायकार्बोनेट काही काळ ते पचवतं. ते संपलं की आम्लता झपाट्याने वाढते. आम्लता वाढेल तसा तिचं माप असलेला पीएच उतरतो; तो ६.२च्या खाली गेला की चपट्या, तबकडीसारख्या प्लेटलेट फुगून गोल होतात, आणि रुग्णाला दिल्या तरी त्यांचा फारसा उपयोग होत नाही. भिंतीतून होणाऱ्या वायूंच्या या येण्याजाण्यावर याच दोघांनी १९७५ साली लिहिलं.

जुन्या पिशवीत प्लेटलेट जेमतेम ३ दिवस राहायच्या. मग १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला नव्या पिशव्या आल्या. काहींत डीईएचपीऐवजी ट्रायमेलिटेट किंवा सायट्रेट जातीची रसायनं वापरली होती, तर काही पॉलिओलेफिन या वेगळ्या प्लास्टिकच्या होत्या, ज्यांना मऊ करायला काही घालावंच लागत नाही. भिंत वायूला वाट देणारी, पृष्ठभाग मोठा. मुदत ५ दिवस झाली. अमेरिकेने तर १९८४ मध्ये ती ७ दिवसांवर नेली, आणि १९८६ मध्ये पुन्हा ५ वर आणली. प्लेटलेट तग धरत होत्या, पण त्याच उबेत चुकून शिरलेले जिवाणूही वाढत होते. त्यामुळे ‘मुदत वाढवा, तुटवडा मिटेल’ असं कोणी म्हटलं की मला १९८६ साल आठवतं.

रक्तपेढीत प्लेटलेटच्या पिशव्या अ‍ॅजिटेटर नावाच्या यंत्राच्या फळ्यांवर सतत हलत असतात, तेही वायूची देवाणघेवाण नीट व्हावी म्हणूनच. आणि पिशवी चांगली आहे का, हे आम्ही आधी डोळ्यांनी पाहतो. उजेडासमोर धरून हलकेच हलवली की आत धूपछाव साडीसारखी झळाळी फिरते. चपट्या पेशी उजेड वेगवेगळा परतवतात, म्हणून ती दिसते. पेशी गोल झाल्या की झळाळी जाते, नुसतं गढूळ पाणी दिसतं.

आता नातेवाइकांसाठी. आपल्याकडे पिशवी आणायला बहुधा घरचंच माणूस जातं, आणि सवयीने बर्फाचा डबा सोबत नेतं. लाल पेशींच्या पिशवीला थंडावा हवाच, प्लेटलेटला नको. बर्फ नको आणि फ्रिज नको. उन्हात तापलेल्या गाडीच्या डिकीतही ठेवू नका. एकापेक्षा जास्त पिशव्या असतील तर एकीवर एक दाबून रचू नका, कारण दबलेल्या बाजूने हवा खेळत नाही. वॉर्डात पोचलात की थेट सिस्टरांच्या हाती द्या, आणि या प्लेटलेट आहेत हे तोंडाने सांगा. तिथेही कुणी घाईत फ्रिज उघडू शकतं.

नमस्कार.