डंपिंगचा धूर आणि मोबाइलवरचा आकडा

(ठाण्यात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, मघाशी एक काकू म्हणाल्या, "दिव्याचं डंपिंग तर बंद झालं, मग धुराचं काय घेऊन बसलात?" प्रश्न रास्त आहे. 2023 च्या सुरुवातीला ठाण्याजवळच्या दिवा भागातल्या त्या कचराभूमीवर कचरा टाकणं थांबलं, गाड्या भंडार्ली गावाकडे वळल्या. पण गाड्या थांबल्या तरी ढीग जागेवरच असतो. आतल्या थरांत हवा पोचत नाही, ओला कचरा कुजत राहतो आणि पुढची कित्येक वर्षं वायू सुटत राहतो. त्यात निम्म्याच्या आसपास मिथेन. हवेत मिथेन 5 ते 15 टक्के झाला की एक ठिणगी पुरते. विडीचं थोटूक, कचऱ्यात आलेली मोबाइलची बॅटरी, तांब्यासाठी तारा जाळणारं कोणी; निमित्त काहीही चालतं.

ही आग भडकते कमी, धुमसते जास्त. बंब येतो, पाणी मारतो, वरच्या ज्वाळा विझतात. आत मात्र धग तशीच. दोन दिवसांनी बाजूच्या भेगेतून पुन्हा धूर. जेसीबीने ढीग फोडून थर भिजवायचे आणि वर माती टाकायची, हाच खरा उपाय, आणि तो वेळखाऊ आहे. 2023 च्या मार्चमध्ये केरळात कोचीच्या ब्रह्मपुरम कचराभूमीवर हे दहाहून अधिक दिवस चाललं होतं.

धुमसताना ज्वलन अर्धवट होतं. म्हणून कार्बन मोनॉक्साइड, बेंझिन आणि पीएम 2.5 हे बारीक कण भरपूर निघतात. पीव्हीसीचे पाइप, वायरची आवरणं जळली की डायॉक्सिन ही अतिविषारी रसायनं तयार होतात.

आता मोबाइलवरचा आकडा. आपल्या एक्यूआयमध्ये, म्हणजे हवेच्या गुणवत्तेच्या निर्देशांकात, आठ प्रदूषकं धरलेली आहेत. बेंझिन आणि डायॉक्सिन त्यांत नाहीत. शिवाय कणांची 24 तासांची सरासरी घेतात. समजा, रात्री चार तास पीएम 2.5 ची पातळी घनमीटरमागे 300 मायक्रोग्रॅम होती आणि उरलेले वीस तास 40. सरासरी येते 83. म्हणजे शेरा 'मध्यम'! बाळाला छातीशी धरून खिडक्या बंद करत फिरलेल्या आईला हा शेरा दाखवून बघा. त्यातही मोजणी यंत्र ढिगापासून लांब असेल, तर ते 300 दिसणारच नाहीत.

हिवाळ्यात हे जास्त छळतं. रात्री खाडीवरचा वारा पडतो, जमिनीलगतची हवा थंड होऊन बसते आणि धूर वर न जाता चाळींमध्ये पसरतो.

दमेकऱ्यांना, तान्ह्या मुलांना, गरोदर बायकांना आणि हृदयविकाराच्या रुग्णांना याचा त्रास आधी होतो. सर्वांत जवळून धूर खातात ते कचरावेचक, आणि त्यांची नोंद कुठेच नसते, हे मला फार खटकतं. रुमालाने बारीक कण अडत नाहीत. एन-95 मास्क नीट बसवला तर कण अडतात, वायू नाही. डोकं दुखून मळमळायला लागलं तर घरात पडून राहू नका. धुरापासून लांब जा आणि दवाखाना गाठा.

तक्रार करताना नुसतं "वास येतो" असं लिहू नका. तारीख, वेळ, धूर कोणत्या बाजूने आला, घरात कोणाला काय झालं, हे लिहा. आणि प्रदूषण मंडळाकडे सरासरी नको, त्या रात्रीचे तासातासाचे आकडे मागा. उघड्यावर कचरा जाळण्याला राष्ट्रीय हरित लवादाने 2016 मध्येच बंदी घातली आहे. साध्या प्रकरणात 5,000 आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास 25,000 रुपये भरपाई. कोणी मुद्दाम पेटवताना दिसलं तर तक्रारीत या आदेशाचा उल्लेख जरूर करा.